डावीकडे जाणारी नाव

अकोल्याच्या एका वेल्डरवर माझा अजून राग आहे. कारण ऐकून लोक हसतात, म्हणून लिहूनच काढतो.

अमरावतीकडच्या एका धरणात माझी अॅल्युमिनियमची छोटी नाव चालायची. बसायची चार माणसं. पलीकडे वांगी-मिरचीची वावरं असलेल्या बायांनी बजावलं होतं, "आठ जनी टोपल्यांसकट बसल्या पाह्यजे. नाई तं आमी जीपनं लांबच्या फेऱ्यानं जाऊ." वांग्या-मिरच्यांचा तोडा सुरू व्हायला आठवडा होता. एकदा जीपची सवय लागली की गिऱ्हाईक नावेकडे फिरकणार नाही. मी भंगाराच्या धंद्यातला माणूस. तशीच दुसरी, तोंड फुटलेली नाव हुडकून काढली. माझी मधोमध कापायची आणि तिच्या पोटाचा तुकडा मध्ये जोडायचा. दोन्ही नावा टेम्पोत टाकून अकोल्याला नेल्या.

तिथले चाचा दुधाच्या टाक्या जोडतात. ते म्हणाले, "तीन दिवस लागतीन. दोरी लावून सरळ बसवू. मंग जरासा टाका इकडून, जरासा तिकडून. मधात गार होऊ द्या लागते. गरम झालं का हे खेचते."

मी स्वतः गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतो; थांबलं की त्याला काम मोठं वाटतं. त्यामुळे चाचांची युक्ती मी लगेच ओळखली. आवाज चढवला. "गार पान्यात होईन. डावी बाजू पुरी करा, मंग उजवी. एका दिवसात."

"ठीक हाय," चाचा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत भांडायच्या तयारीनं गेलो होतो. सौदा दोन शब्दांत संपला. मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला.

पहिल्या फेरीला आठही जणी बसल्या. थेंबभर पाणी आत आलं नाही. मी सरळ वल्हवत होतो आणि नाव डावीकडे निघाली होती. डावा जोड आधी तापून आखडला होता, अख्खी नाव काकडीसारखी वाकली होती.

"भाऊ, आमचं वावर समोर हाय," सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली. "तुमी आमाले कुठी नेऊन राहिले?"

डावीकडून एकीनं जास्तीचं वल्हं मारलं तेव्हा नाव सरळ निघाली. म्हातारीनं तिथंच ठरवलं, "जे वल्हवीन तिचं भाडं नाई." सौदा पटला नाही की मी उठून चालायला लागतो. धरणाच्या मधोमध उठून जाणार कुठं?

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या डावीकडेच बसायला धावू लागल्या. आता नाव वळायची आणि कलायचीसुद्धा.

मी अकोल्याला भांडायला गेलो.

"तुमीच तं म्हनले होते," चाचा म्हणाले.

"मी म्हननारच. पन तुमी इतक्या लवकर कावून मानलं?"

"तुमच्यासंग कोन डोकं लावते, भाऊ?"

माझा राग एवढाच आहे. समोरच्यानं थोडं तरी अडून बसावं. जोड कापून पुन्हा बसवायला त्यांनी तीन दिवस मागितले. मी दोन म्हणालो. या वेळी चाचांनी हत्यार खाली ठेवलं आणि बिडी पेटवली. तीन म्हणजे तीन.

तेवढे दिवस बाया जीपनं जाणार होत्या, आणि तशाच पुढेही जात राहिल्या असत्या. मी म्हातारीला म्हणालो, जीपचं भाडं मी देतो, नंतर नावेतच या. तिनं जीपवाल्याशी माझ्या नावावर भाडं आधीच ठरवून ठेवलं होतं. जाण्याचं, येण्याचं, वर टोपल्यांचं वेगळं.

मी म्हणालो, "ठीक हाय."