उर्दूअण्णांना सापडलेली विहीर

इतिहासाचा शोध घ्यायला छाती लागते, असं नव्या जिल्ह्याच्या समारंभात एक पाहुणे म्हणाले. प्रत्यक्ष शोध घेणारे उर्दूअण्णा ग्रंथालयातला पंखा करकरला तरी खुर्चीतून उठून उभे राहत.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पावसाचा पत्ता नव्हता, स्मरणिकांचा मात्र सुकाळ होता. निजामाच्या काळातली उर्दू वर्तमानपत्रं ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पडून होती. ती वाचू शकणारे एकटे उर्दूअण्णा, निवृत्त मास्तर, शिरूर अनंतपाळच्या बाजूचे. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, पण उर्दूच्या बाबतीत निरक्षर. म्हणून त्यांच्या शेजारी बसायचो.

अण्णा नेहमी दाराकडे तोंड करून बसत. पाऊल वाजलं की जुन्या अंकावर मराठी पेपर पसरत आणि कोणी न विचारताच सांगत, "बाजारभाव बघायलोय."

"अण्णा, पेपर कालचा हाय!" शिपाई ओरडायचा.

"भाव कालचेच बरे होते, बाप्पा."

भीतीला कारण होतं. अण्णांच्या गावातल्या विहिरीला तिथल्या पाटलांनी त्या उन्हाळ्यात कुंपण घातलं होतं. बौद्धवाड्यातल्या बायका, अण्णांच्या सुनाही, घागरी घेऊन माघारी फिरत. ती विहीर मागच्या एका दुष्काळात सगळ्यांसाठी खोदली होती, हे अण्णांनी वडिलांकडून ऐकलेलं. छापील पुरावा हवा होता. पण अण्णांचा एक मुलगा पाटलांकडेच सालगडी होता.

एका दुपारी अण्णांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी ती बातमी वाचली, पुन्हा वाचली आणि अंक मिटला. "सापडलं. आता ठिवून द्या. लई वंगाळ झालं."

त्याच आठवड्यात पाटील चार माणसं घेऊन जीपमधून ग्रंथालयात आले. स्मरणिका समितीचे अध्यक्ष तेच. "मास्तर, आमच्या आजोबांचं काही घावलं का?"

अण्णा न्हाई म्हणतील, असं मला वाटलं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "घावलं, मालक," ते म्हणाले आणि वाचत मराठीत सांगू लागले. आजोबांचं औदार्य आलं, विहिरीसाठी दिलेली जमीन आली. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग शेवटची ओळ आली: पाणी सर्व रयतेला कायमचं खुलं.

जीपमधून आलेली माणसं छताकडे पाहू लागली.

"रयत म्हंजे सगळीच का?" पाटलांनी विचारलं.

"मी न्हाई म्हनत, मालक. तुमच्या आजोबांचाच सबूद हाय. पायजे तर मधीच तोडून छापा."

पाटलांनी तो अंक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. आजोबा हवे असतील तर विहीर सोडावी लागणार होती. "पुरी छापा," ते शेवटी म्हणाले.

स्मरणिका निघायच्या आत कुंपण निघालं. सुना पाणी भरू लागल्या. अण्णा मात्र पुढची कितीतरी वर्षं जीपचा आवाज आला की बाजारभाव बघत. आता ते नाहीत, आणि मागच्या खोलीतले अंक वाचणारंही कोणी नाही.

त्या उर्दू बातमीचा मोठा फोटो पाटलांच्या बैठकीत चौकट करून लावलेला आहे. तो उलटा लावलाय. अण्णांच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं; माझ्या कानात ते कुजबुजले, पण पाटलांना सांगायला घाबरले.