सहा पडल्याशिवाय न उठणारी गाय

आमच्या शेजारचे लग्नपत्रिका छापणारे गृहस्थ उरलेल्या पुठ्ठ्यांवर स्वतःचे खेळ तयार करायचे. रविवारी दारात उभे राहून "पाचच मिनिटं" म्हणायचे, आणि आमच्या घरी दुपारचं जेवण चार वाजता व्हायचं.

सगळ्यात गाजला तो पंचवटीचा खेळ. भाजीची हातगाडी गल्लीबोळांतून मंडईत पोचवायची. पण वाटेत एक गाय, म्हणजे चिंचोका. तो पुढ्यात आला की सहा पडेपर्यंत गाडी अडली. त्या चिंचोक्यापायी माझी बायको आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर हमरीतुमरीवर यायचे. खेळ करणारे हे गृहस्थ खूश. "भांडण झालं ना? म्हणजे खेळ जमला."

एकदा त्यांच्या स्कूटरवरून पंचवटीत जाताना गल्लीत खरीच गाय बसलेली. मागे हॉर्नचा गोंगाट. आम्ही उतरलो. यांनी खिशातून फासा काढून सीटवर टाकला. तीन पडले.

मागचा रिक्षावाला तणतणत आला. "काय चाललंय काका?"

"सहा पडले की उठेल ती," हे गंभीरपणे म्हणाले.

त्याने फाशाकडे बघितलं, गाईकडे बघितलं, आणि हात पुढे केला.

"द्या इकडं. आता माझी पाळी."