साडेदहाची खाडी

आपण लिहिलेला पाठ दुसरी कोणी शिकवीत असताना तोंड मिटून मागे उभे राहायचे, हा आमच्या गटाचा नियम आहे. नवी मुंबईतल्या शाळांमधल्या आम्ही काही शिक्षिका पर्यावरणाच्या कृतिपत्रिका तयार करतो आणि एकमेकींकडून तपासून घेतो. तपासणारीने कागदावर असेल तेवढेच करायचे, पदरचे काही घालायचे नाही. चाचणी दोनदा होते. दुसऱ्यांदाही पाठ फसला, तर तो संचातून बाद.

माझी कृतिपत्रिका खाडीवर होती. वर्षभर तिचा शब्दन्‌शब्द मी घासला होता. त्यातली एक ओळ मला विशेष प्रिय होती : ‘ओहोटी म्हणजे खाडीने सावकाश सोडलेला श्वास, त्या वेळी काठावर उभे राहा आणि चिखलातली बिळे मोजा.’

पहिली चाचणी घेतली ती घणसोली गावातच लहानाच्या मोठ्या झालेल्या एका विज्ञान शिक्षिकेने. सकाळी साडेदहाला सातवीचा वर्ग घेऊन त्या जेट्टीवर आल्या. पाणी काठोकाठ भरलेले होते. तिवरांचे शेंडे तेवढे वर दिसत होते आणि लाटा धक्क्याच्या दगडांवर ओल्या हाताने थापट्या मारीत होत्या. बाईंनी माझी ओळ खणखणीत आवाजात वाचली. मुले वाकून पाहू लागली.

“बाई, बिळं कुठायत?”

“खेकडे पोहायला गेले असतील!”

“मग आपण पण जाऊ या?”

“गप उभे राहा. कागदावर पोहायचं लिहिलेलं नाही,” बाई गंभीरपणे म्हणाल्या.

माझे कान तापले. ‘दुपारनंतर या’ हे शब्द जिभेच्या टोकावर येऊन खारट झाले. पण नियम म्हणजे नियम. कागद परत आला तेव्हा त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिले होते : ‘सुंदर. पण मुलांनी किती वाजता यायचं?’

“आज या वेळी भरती असणार, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?” परतताना मी विचारले.

“मॅडम, खाडीवर वाढलेली हाय मी. पन हा कागद उद्या सानपाड्याच्या टॉवरमधल्या बाईच्या हाती पडला, तर तिला कोन सांगनार?”

“मग उपाय सांगा.”

“तपासनारी म्हनून नाय सांगता येनार. घरी चहाला या, मैत्रीन म्हनून सांगते.”

त्याच संध्याकाळी मी गेले. गल्लीत सुकटीचा वास दाटला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट टेकवून त्या म्हणाल्या, “तिथीला तीननं गुना, चारनं भागा. भरतीची वेळ आली. तिच्या सहा तास मागं-पुढं ओहोटी. थोडं इकडंतिकडं होतं, पन फसत नाय. आज चतुर्दशी. करा.”

चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार. साडेदहा. मराठी शिकवताना आयुष्यभर कवितेच्या मात्रा मोजलेल्या मला समुद्राची मात्रा कधी मोजावीशी वाटली नव्हती.

घरी येऊन मी ती प्रिय ओळ खोडली. तिच्या जागी लिहिले : ‘घरातल्या कॅलेंडरवर तिथी पाहा.’ पुढे गुणाकार, भागाकार आणि ओहोटीच्या वेळेसाठी एक रिकामी चौकट. पानाच्या तळाशी तरी ती ओळ राहू द्यावी, असे मन सांगत होते. मी ऐकले नाही.

दुसरी चाचणी खरोखरच सानपाड्याच्या एका शिक्षिकेकडे गेली. खाडी त्यांनी पुलावरूनच काय ती पाहिलेली. त्यांच्या मुलांनी गणित करून षष्ठी निवडली : भरती साडेचार, ओहोटी साडेदहा. पोहोचलो तेव्हा चिखल शिसवासारखा चमकत होता आणि निवट्या, चिखलावर राहणारे ते चिमुकले मासे, टणाटण उड्या मारीत होत्या.

“मॅडम, हा वास कसला?” एका मुलीने नेमके मलाच विचारले. उत्तराचे अख्खे पान माझ्या घशाशी आले. मी ओठ आवळले. बाईंनी कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला : ‘वासाला तुमचे नाव द्या.’ मुलीने डोळे मिटले, नाक फुलवले आणि लिहिले : ‘अंड्याचा डबा, सोमवारी उघडलेला.’

बाईंनी जेट्टीवरच अभिप्राय लिहून कागद परत दिला. पाठ संचात गेला. अभिप्रायाखाली मात्र एक प्रश्न होता : ‘पाणी परत चढण्याआधी निघायचे केव्हा?’ चिखल अजून उघडा होता. मी जेट्टीच्या पायरीवर बसले, घड्याळ काढून शेजारी ठेवले आणि पाणी कोणत्या दगडाला केव्हा टेकते, ते टिपू लागले.