तांदळाच्या डब्यावरची लाल रेघ

माझ्या नवऱ्याला भात म्हणजे जेवण संपल्याची घंटा वाटते. तो वरोऱ्याकडचा, कापूस-ज्वारीच्या मुलखातला. आधी पोळ्या नाहीतर भाकरी, आणि पोटात जागा उरलीच तर शेवटी मूठभर भात. मी गडचिरोलीकडची, धानाच्या पट्ट्यातली. आमच्याकडे सकाळी शिळा भात, दुपारी गरम भात, रात्री परत भात. असे आम्ही दोघं लग्न करून ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो आणि पहिल्याच महिन्यात किराण्याचं बजेट करायला बसलो. भांडण होणार नाही तर काय होणार!

"तांदूळ चार किलो," नवरा म्हणाला.

"चार किलो? माह्या माहेरी एवढा तं कोंबड्याइले लागते."

"मंग किती?"

मी आकडा सांगितला. त्यानं कपाळावर हात मारला. "बाप्पा! तू खाते का पेरते?"

माहेरून पोतं आणायचं नाही, हे माझंच ठरलेलं होतं. धानाच्या शेताची बांधी केवढीशी, त्यात भावाचा संसार. तेव्हा जे काय खायचं ते आमच्या पगारातलं.

नवरा वीज केंद्रात कोळशाच्या विभागात आहे. कोळसा किती आला, किती जळला, उरलेला किती दिवस पुरेल, हेच तो दिवसभर पाहतो. साठा खाली गेला की साहेबलोकांचे फोन सुरू. ही सगळी विद्या त्यानं माझ्या स्वयंपाकघरात आणली. आरपार दिसणारे प्लास्टिकचे डबे आणले (त्या डब्यांनीच त्या महिन्याचं बजेट खाल्लं, पण ते आमच्याकडे बोलायचं नाही) आणि मार्करनं त्यांच्यावर रेघा ओढल्या. हिरवी म्हणजे खुशाल खा, पिवळी म्हणजे हात आवरा, लाल म्हणजे धोका. लाल रेघेखालच्या मालाला पगार होईपर्यंत हात लावायचा नाही. डाळीला रेघा, साखरेला रेघा, शेंगदाण्याला रेघा. तिखटाच्या डब्यावरही ओढायला लागला तेव्हा माझं टाळकं सरकलं.

"आता माह्या कपाळावर बी एक ओढून टाका," मी म्हटलं, "म्हंजे डोकं कवा धोक्यावर गेलं ते समजन."

खोटं कशाला बोलू, रेघा कामाच्या निघाल्या. महिनाअखेरीला वाटी घेऊन शेजारणीच्या दारात जाणं बंद झालं. मीही रेघा पाळायला लागले, आणि आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायलाही लागले. तिथंच घोळ झाला.

लग्न झाल्यापासून मी आईच्या मागे लागले होते, राहायला ये म्हणून. ती यायची नाही. लेकीच्या घरी बसून खाणं बरं दिसत नाही, असं जुन्या लोकांचं असतं ना, तसं तिचं. आली तरी कपभर चहा, आणि दुपारच्या बसनं परत. मला मात्र एकच हौस होती. आईनं जन्मभर सगळ्यांना वाढलं आणि शेवटी भाताच्या गंजाच्या बुडाची खरवड खाऊन उठली. एकदा तरी तिनं माझ्या घरी बसावं, मी वाढावं, आणि तिनं 'आणखी वाढ' म्हणावं. दुसरं काही नको.

शेवटी एका उन्हाळ्यात ती आली. बायांना एसटीत अर्धं तिकीट झाल्याचा तिला फार आनंद होता. "अर्ध्या तिकिटात आली तं आठ दिवस राहतो," म्हणाली. एका पिशवीत लाखोळीची डाळ आणि जवस. दुसरी पिशवी चांगलीच जड. "ते तुह्या मावशीसाठी हाये, चंद्रपुरात जाईन तवा देईन," असं म्हणत तिनं ती पलंगाखाली सरकवली.

मग तिचं लक्ष डब्यांकडे गेलं. "हे काय वं?"

"हे तुह्या जवायाचं बजेट! लाल रेघेखाली गेलं का आमचा महिना बुडला समज." आणि मी खी खी करून हसले.

आई हसली नाही. तांदूळ लाल रेघेच्या बोटभर वर होता, तो तिनं नीट पाहिला. मग म्हणाली, "भात मीच मांडत जाईन. तुले दुकानात जा लागते."

मी दुपारपर्यंत झेरॉक्सच्या दुकानात बसते. घरी यावं तर भात तयार. आणि काय भात! दारातूनच वास यायचा. नवऱ्यासारखा नवरा, पोळी बाजूला सारून दोनदा भात घ्यायचा. "आईच्या हातालेच चव हाये," मी सगळ्यांना सांगत सुटले. आई मात्र एकदाच घ्यायची, तेही चिमणीएवढं. "पोट भरलं, बाई." मी आग्रह करून करून थकले. आठ दिवसांनी पिशव्यांची घडी काखेत मारून ती गेली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं साठा तपासला आणि ओरडलाच. "अवं, इकडे ये! तुही आई आठ दिवस राहून गेली अन् तांदूळ जिथल्या तिथं! बोटभर वर होता, बोटभर वरच हाये. कोळशात असं झालं तं चौकशी लागते!"

त्याला आनंद मावेना. मला एकेक आठवत गेलं. पलंगाखालची जड पिशवी. तो वास. हाताची चव कसली डोंबलाची, तांदूळच आमच्या बांधीतला होता! स्वतःला धानाच्या पट्ट्यातली म्हणवते आणि माहेरचा तांदूळ ओळखला नाही. आई आठ दिवस माझ्या घरी राहून माझ्या तांदळाचा एक दाणा न खाता गेली होती. राग असा आला आणि रडू असं आलं, की आधी काय करावं कळेना. फोन लावला.

"काऊन वं आई, माह्या घरचा तांदूळ कडू होता का?"

"तसं नाई, बाई. रेघीच्या खाली गेला असता ना. माह्यानं जवायाचा महिना काऊन बुडावा?"

फोन स्पीकरवर होता. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानं फडकं घेतलं, गोडेतेल घेतलं आणि तांदळाच्या डब्यावरची लाल रेघ घासत बसला. मार्कर पक्का, गुलाबी डाग राहिलाच. बाकीच्या डब्यांच्या रेघा त्यानं ठेवल्या. बजेट ते बजेट.

धान कापणी झाल्यावर आई परत आली. परत जड पिशवी, परत तीच मावशी. नवरा बसस्टँडवर घ्यायला गेला होता. घरात आल्याबरोबर, मी पाणी देण्याआधीच, त्यानं पिशवी सोडली, सगळा तांदूळ आमच्या डब्यात ओतला आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळला.

"घ्या आई," तो म्हणाला. "आता निवडा तुमचे दाणे."

"अवं माय वं!" आई किंचाळली. "नवा-जुना एक केला!"

नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. धानाच्या मुलखात लहान पोरगीसुद्धा हे दोन एकत्र करत नाही. ज्वारीवाल्याला काय कळणार! त्या दिवशी आईला मी चुलीजवळ फिरकू दिलं नाही, भात मीच मांडला. जो व्हायचा तोच झाला. अर्धा गिच्च गोळा, अर्धा कचकचीत. नवऱ्यानं एक घास घेतला आणि पोळीकडे वळला. मी भातवाढणी हातात धरून आईसमोर बसून राहिले. ती खाली मान घालून जेवत होती. ताट रिकामं झालं.

"कसा झाला वं?" मी घाबरतच विचारलं.

"असा भात तं आमच्या घरी बैलालेबी घालत नाई," आई म्हणाली, आणि ताट पुढं केलं. "वाढ आनखी थोडा."