उणे पाच पानांचं तिखट

निमजे सरांना कोणी रस्ता विचारला, की ते आधी आपल्या माहितीची हद्द सांगायचे. “चौकातल्या पिंपळापर्यंत मले माहीत आहे. तिथून पुढचं पानठेल्यावाल्याले विचारा.” बिचारा गोंधळून पिंपळापर्यंत जायचा, पानवाल्याला विचारायचा आणि बरोब्बर पोचायचा. सर फाटकाशी उभे राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत आणि मला म्हणत, “पाह्यलं शोभा? दोन अपुरी फंक्शनं जोडली.”

सर भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कम्प्युटर विभागात होते आणि रविवारी रिसालीतल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत आम्हाला शिकवत. आम्ही पाच जण, कम्प्युटर एक. मी बाविशीची, पाचांत सर्वांत वाचाळ. काकूंनी विणलेलं झाकण काढलं की पडद्यावर हिरवी अक्षरं उगवत. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, बाहेर सुस्त पडलेला सेक्टर आणि सरांचा संथ आवाज. त्या दुपारी मी जागी होते की झोपेत, हे आजही शपथेवर सांगता येणार नाही.

त्यांच्या लाडक्या भाषेत सगळा प्रोग्राम म्हणजे फंक्शनंच. काही दिलं की काही परत देणारी. त्यातही सरांचा जीव अपुऱ्या फंक्शनांवर, म्हणजे ठरावीक प्रश्नांनाच उत्तर देणाऱ्यांवर. त्यांना आधी विचारायचं, तुला हे येतं का? नाही म्हटलं, की प्रश्न पुढच्याकडे. “ज्याले आपलं अडाणीपण ठाऊक, त्याच्यासंग संसार करता येते,” सर म्हणत. आतून काकू ओरडत, “म्हणून तर मी करून राहिली!”

मग सरांची निवृत्ती आली. तीन महिन्यांत क्वार्टर सोडायचं होतं. वर्गासाठी एकच आशा उरली, आमच्या मराठी मंडळाची मागची खोली. ती मिळाली तर सर भिलाईत भाड्यानं राहणार, नाहीतर गावी, तुमसरला परत. मंडळाचे सचिव ठवकर म्हणाले, “सर, गणपतीच्या जेवणाचं सामान तुमचं मशीन सांगते काय? किती पानं जेवणार म्हटलं की आलू-वांग्याच्या रश्श्याचं सगळं माप आलं पाहिजे. मग खोली तुमची.”

सरांनी दोन फंक्शनं लिहिली. पहिलं काकूंच्या हाताचं, एक ते पन्नास पानांचं. दुसरं मंडळाचे आचारी बळीराम महाराज यांचं, चाळीस ते तीनशे पानांचं. काकूंना येईना तरच प्रश्न महाराजांकडे.

“पण चाळीस ते पन्नास दोघांनाही येतं की. मग कोणाचं ऐकायचं?” मी विचारलं.

“जे आधी लिहिलं त्याचं. काकूचं आधी लिहिलं. घरी राहायचं आहे मले.”

“आणि तीनशेच्या वर?”

“वर कोणाले येते? मशीन म्हणेल, मले माहीत नाही.”

“यंदा पाचशे पानं आहेत, सर! सरळ गुणाकार करा न.”

“काकूले विचार, तिखट गुणाकारानं वाढते काय?”

सर जेवायला उठले. माझ्या डोळ्यांपुढे ती खोली, तुमसरची गाडी आणि कीबोर्डवर माझी बोटं. मी प्रोग्रामच्या शेपटीला तिसरं फंक्शन जोडलं, कशालाच नाही न म्हणणारं. एका पानाचं माप गुणिले पानं. झालं!

कम्प्युटर मंडळाच्या सभागृहात नेला. ठवकरांनी तीस विचारलं, उत्तर आलं. दोनशे, आलं. पाचशे, तेही आलं, अगदी हिंगासकट! टाळ्या पडल्या. ठवकर स्वतःच मशीन बनवल्यासारखे फुलले. फक्त सर पडद्याकडे बघत राहिले, घरात अनोळखी माणूस दिसावा तसे.

गप्प बसले असते तर खोली मिळत होती. ते म्हणाले, “ठवकर साहेब, आता उणे पाच टाका.”

“उणे पाच पानं?”

“टाका तर.”

पडद्यावर आलं, तिखट उणे पन्नास ग्रॅम. सभागृह असं हसलं की मंडपवाले धावत आले. ठवकर लाल. “काय सर, आमची मस्करी करून राहिले काय?”

“नाही. एक ओळ चुकीची पडली,” म्हणत सरांनी माझं फंक्शन पुसलं. पुन्हा पाचशे टाकलं. पडदा म्हणाला, मले माहीत नाही.

“म्हणजे येतच नाही!”

“तीनशेपर्यंत येते.”

मंडळी चहाला उठली. तेवढ्यात मागून बळीराम महाराज पुढे आले. “निमजेजी, पाचशेचा रस्सा एका गंजात, एका पातेल्यात कोण बनवते? अडीचशे-अडीचशेचे दोन गंज लावतो आपण.”

सरांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. ते तिथेच बसले आणि नवीन ओळ लिहिली: तीनशेच्या वर पानं असली तर दोन भाग कर, दोन्ही भाग पुन्हा त्याच फंक्शनला विचार, उत्तरांची बेरीज कर. पाचशेचं उत्तर आलं. हजाराचंही आलं, चार गंजांचं. उणे पाचाला मात्र मशीन ठाम नाही म्हणालं. सर आणि महाराज एकमेकांचे हात धरून लहान मुलांसारखे हसत होते. शेजारी रागावलेल्या ठवकरांनी पडद्याकडे न बघताच खोली कॅरमवाल्यांना दिली, तेही त्यांना ऐकू आलं नसावं.

गणपतीचं जेवण दोन गंजांत झालं आणि रस्सा एकदम फक्कड. पुढच्या महिन्यात ट्रक आला. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, कम्प्युटर गोधडीत गुंडाळून मांडीवर. मी खिडकीशी जाऊन एका दमात सांगून टाकलं, “सर, ती ओळ मी टाकली होती.”

“मले माहीत होतं.”

“मग सगळ्यांसमोर सांगितलं काऊन नाही?”

ट्रक सुरू झाला. सरांनी गोधडी नीट केली आणि म्हणाले, “कोणी विचारलंच नाही, पोरी.”