माहेरच्या पाण्याचा दोष

पुणं सोडलं तेव्हा जीपमध्ये ड्रायव्हर, आमचे साहेब, मी आणि रिकाम्या बाटल्यांच्या दोन पेट्या होत्या. साहेब म्हणजे मोठे डॉक्टर. काही मुलं जन्मतःच व्यंग घेऊन का येतात, या प्रश्नाच्या ते हात धुऊन मागे लागले होते. मी त्यांची मदतनीस, बायकांशी बोलायला बाईच लागते म्हणून नेलेली. नगर जिल्ह्यातल्या एका गावात फाटक्या ओठाची मुलं एकामागून एक जन्मली होती. तिथल्या आडाच्या (अरुंद, खोल विहिरीच्या) पाण्यातच काहीतरी आहे, असं साहेबांनी पुण्यात बसूनच ठरवून टाकलं होतं. बाटल्या त्या पाण्यासाठी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

शिरूर मागे पडलं आणि हिरवा रंग संपला. दुष्काळाचं साल. रस्त्याकडेला डोक्यावर पदर ओढून बायका खडी फोडत होत्या. जीपची धूळ त्यांच्या तोंडात जात होती आणि कुणी मान वर करत नव्हतं.

नगरच्या पुढे घोडेगावला चहाला थांबलो. बाजाराचा दिवस होता. चारा नाही म्हणून लोकांनी दावणीची जनावरं विकायला आणली होती आणि घ्यायला बहुतेक खाटीकच उभे होते. चहा गुळाचा, कोरा. साहेबांनी दुकानदाराशी त्यावरून वाद घातला, जणू दूध त्यानंच लपवलं होतं. शेजारी बसलेल्या एका व्यापाऱ्यानं मला विचारलं, "कशापायी हिंडता, बाई?" मी सांगितलं.

तो हसला. "आमच्यात वासरू अधू निपजलं तर आमी वळू बदलतो. मानसात मातर गायच बदलत्यात."

साहेबांना हे ऐकूच गेलं नाही. ते कपात माशी शोधत होते.

गाव तिथून जवळच. नाना नावाच्या शेतकऱ्यानं आम्हाला घोंगडीवर बसवलं. त्यांची लेक मंगल बाळाला बोंडल्यानं दूध पाजत होती. मुलगी मोठी गोड. डोळे टपोरे, जावळ दाट, आणि वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. दूध त्या फटीतून बाहेर यायचं, मंगल ते पदरानं टिपायची आणि पुन्हा थेंबभर घालायची. ओठ शिवता येतो, हे मी तिला सांगितलं, तर तिनं मान हलवली आणि विचारलं, "पन शिवला की नांदायला नेतील का मला?" बाळंतपण होऊन कितीतरी दिवस झाले होते, सासरचं कुणी न्यायला फिरकलं नव्हतं. तिच्या माहेरच्या पाण्याचाच दोष आहे, असा त्यांचा निरोप होता.

नाना हात जोडून साहेबांना म्हणाले, "सायेब, पानी भरा, पन गावाचं नाव घालवू नगा. दोन पोरींच्या सोयरिकी मोडल्या. कोन करील आमच्या पोरी?"

"बाकीची मुलं दाखवा," साहेब म्हणाले.

"ती हितं कुठली? गेली की आपापल्या गावाला!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या यादीतली एकूणएक मुलं पहिलटकरणींची. सगळ्या या गावच्या लेकी, बाळंतपणाला माहेरी आलेल्या. मी मंगलला विचारलं, "तू इथं कधी आलीस?"

"डोहाळजेवन झालं, मग सातव्यात."

"आणि त्याआधी?"

"सासरीच की. खडी फोडीत हुते."

बाळाचा ओठ पहिल्या तीन महिन्यांत जुळतो, नाहीतर राहतो. तेव्हा या आडाचा घोटही या मुलींच्या पोटात गेला नव्हता! मी साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते आधी चिडले आणि मग एकदम खूश झाले. त्यांच्या स्वतःच्या पत्नी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, तरी हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ड्रायव्हरनं आडावरून भरून आणलेल्या बाटल्या त्यांनी त्यालाच ओतून टाकायला सांगितल्या. शेजारची एक म्हातारी धावत आली आणि तिनं खाली कळशी धरली.

"आता सासरी जाऊन बघू," साहेब म्हणाले. नानांनी लगेच मंगलला लुगडं बदलायला लावलं. सायबाच्या गाडीतनं लेक उतरली तर दारातनं परत लावणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

सासर पूर्वेला, पाथर्डीकडे. तिकडचं रान म्हणजे नुसता दगड. मंगलची सासू दारातच होती. बाई करारी, पण वाईट नव्हती. तिनं आम्हाला बसवलं, मिलोची (परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढं ठेवला. भाकरी घशाखाली उतरता उतरत नव्हती. मग तिनं नातीला उचललं, तिचं तोंड निरखलं.

"नांदवीत न्हाई असं आमी कुठं म्हनलं?" ती म्हणाली. "पोरीचा काय गुन्हा? तिच्या म्हायेरचं पानीच वाईट. आता पुन्यांदा तिकडं धाडायची न्हाई, म्हंजी झालं."

मंगलनं बोचकं उंबऱ्याच्या आत ठेवलं. झालं, सुटली बिचारी! आडावर अन्याय होत होता, पण आडाला कुठं नांदायचं असतं? नानांच्या गावाची बाजू पुन्हा कधीतरी मांडता आली असती. मी उठलेच.

"छे छे, आजीबाई!" साहेब म्हणाले. "पाण्याचा काहीही संबंध नाही."

मी त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि बोटांवर महिने मोजून समजावले. म्हातारीनं कान देऊन ऐकलं.

"म्हंजी ही हितं आसतानाच झालं?"

"अगदी बरोबर!"

"आन् माझ्या दोन सुना बी हितंच हुत्या. हेच मिलो, हीच खडी. त्यांची पोरं धडधाकट हायती." ती मंगलकडे वळली. "मंग त्या म्हैन्यात तू काय केलंस गं?"

मंगल हळूच म्हणाली, "वकाऱ्या येत हुत्या, आत्याबाई. आन्न ठरत नव्हतं."

"आन्न टाकलंस. पोटात लेकरू आन् आन्न टाकलंस!"

"अहो, ओकाऱ्या सगळ्यांनाच येतात!" मी ओरडलेच. "तिचा काडीचाही दोष नाही!"

"मंग कुनाचा हाय?"

साहेब खरं बोलले. "ते अजून आम्ही शोधतोय."

"शोधा मंग," म्हातारीनं बाळ मंगलच्या हातात दिलं. "घावलं की आना हिला."

नवरा गोठ्याच्या मेढीला टेकून उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, आम्हीही नाही. आमचे सगळे प्रश्न आईसाठीच होते. बोचकं मंगलनंच उचललं.

वाटेत साहेबांना मी म्हटलं, "थोडं गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"खोटं तसंच राहू द्यायचं?" ते म्हणाले. त्यांचं खरं होतं, म्हणून मला आणखी संताप आला.

गावात शिरताच साहेबांनी आडाचं पाणी निर्दोष असल्याचं जाहीर केलं. नाना त्यांच्या पाया पडले. "गावाचं नाव राखलंत, सायेब!" म्हणाले आणि मग त्यांना जीपच्या मागून उतरणारी लेक दिसली. त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

मी मंगलला म्हटलं, "बाळाला घेऊन पुण्याला ये. ओठ आपण शिवून घेऊ."

"यीन," ती म्हणाली. "पन बाई, पानी वाईट हुतं तवर मला घर हुतं."

पुण्यात पोचल्यावर दार उघडताच आईनं विचारलं, "सापडलं का गं कारण?" मी चपला काढल्या, पाय धुतले, आणि तिच्यावर उगाचच खेकसले. कारण अजून सापडलेलं नाही. कधी सापडेल, सापडेल की नाही, हे साहेबांनाही ठाऊक नाही. आणि मंगलला नांदायला नेण्याची अट तेवढी एकच आहे.