दुखणाऱ्या हाताचा प्रश्न

मारोतभाऊ गेल्याची बातमी मला आलापल्लीच्या लाकूड डेपोसमोर कळली. मूल गावाकडून रिकामा परत आलेला ट्रक थांबला, ड्रायव्हर खाली उतरला आणि डोक्यावरचा रुमाल काढून म्हणाला, "गुरुजी, तुमचे ते गिरणीवाले भाऊ गेले जी. काल सकाळी." मी शाळेला कुलूप लावलं आणि दुसऱ्या ट्रकमध्ये बसून निघालो. पण भाद्रपदातला पाऊस, मी पोहोचेपर्यंत वैनगंगा चढून दुथडी भरून वाहत होती. आष्टीच्या घाटावर डोंगा काठाला बांधून नावाडी विड्या ओढत बसले होते. दोन दिवस मी त्या काठावर बसून राहिलो. पलीकडे पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार हे कळत होतं, तरी परत फिरवेना. त्या माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती. ती चार वर्षं सांगायची राहिली होती...

मूलच्या शाळेत मी बदलून गेलो तेव्हा पहिली निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. बाजाराच्या टोकाला मारोतभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ डोमाजी यांची भाताची गिरणी होती. पहिल्यांदा धान घेऊन गेलो, तेव्हा इंजिनच्या आवाजात एक उंच, चाळिशीतला माणूस माझ्याजवळ आला. भुवयांवर कोंडा बसून त्या पांढऱ्या झाल्या होत्या. ना ओळख ना पाळख, त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमी पोरायले खरं बोला म्हून शिकवता. मंग मले सांगा, धंदा करनारा मानूस खरं बोलून जगू शकते का?" मी वाचलेलं बरंच काही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पुस्तकाचं झालं. आता तुमचं सांगा." मला काही सांगता आलं नाही. ते खुशीत हसले आणि म्हणाले, "मलेही येत नाई. रविवारी या."

रविवारी दुपारी गिरणी बंद असे. गोदामाच्या दारावर मारोतभाऊ खडूने एक प्रश्न लिहून ठेवत. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं ते गोल, मोठं अक्षर. तळं कोणाचं, खोदणाऱ्याचं की पाणी पिणाऱ्याचं? माणूस मेल्यावर त्याची जात कुठी जाते? देव सगळ्याले देते तर मागावं काऊन लागते? रिकाम्या पोत्यांवर आम्ही दहा-पंधरा जण बसायचो. कुणब्याच्या शेजारी महार आणि त्याच्या शेजारी मासे धरणारा ढिवर. एका मडक्यातलं पाणी सगळे प्यायचे, म्हणून गावातले काही लोक आले नाहीत ते नाहीतच. डोमाजीला हा उद्योग मुळीच पटत नसे. "भाऊले रिकामा येळ हाये," असं तो हसत म्हणायचा, पण त्या हसण्यात कुरकुर असायची. मला मात्र ती दुपार आठवडाभर पुरायची. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकताना मी उत्तरं पाठ केली होती. प्रश्न विचारताना माणूस इतका उघडा पडतो हे मी त्या गोदामात पाहिलं.

एका रविवारी दारावर लिहिलं होतं, 'माणसाचा धर्म काय?' आम्ही रंगात आलो होतो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मालक, मी एक पुसू का?" पार्बताबाई उभी होती. ढिवर समाजातली, नवरा वारलेला. घरोघरी धान कांडून तिने दोन मुली वाढवल्या होत्या. बायका त्या बैठकीत येत नसत, म्हणून ती उंबऱ्याबाहेरूनच बोलली. "तुमचा पट्टा फिरला अन् आमचे मुसळं भितीले टेकले. या आळीत आमी बारा जनी कांडनाऱ्या होतो. कोनी जंगलात मोहफुलं येचाले जाते, कोनी धानाच्या रोवनीची वाट पाहून राह्यली. आता तुमी धर्माचं बोलूनच राह्यले त सांगा, हे कोन्या धर्मात बसते?"

डोमाजी चटकन म्हणाला, "आमी नसती आनली त दुसऱ्यानं आनली असती." त्यात खोटं काहीच नव्हतं. पण मारोतभाऊ खाली पोत्याकडे पाहत राहिले. त्यानंतर तीन रविवार दारावर नवा प्रश्न आला नाही.

त्या तीन आठवड्यांत ते बाराही जणींच्या घरी जाऊन आले. एकदा मीही बरोबर होतो. पार्बताबाई अंगणात जाळं सांधत बसली होती. भाऊंनी सरळ विचारलं, "बाई, गिरनी बंद करू का?" ती उडालीच. "बंद कायले करता जी? मुसळ मारून मारून हात दुखे, ते मले मालूम नाई का? पन दुखनारा हात कामाचा होता. आता हात दुखत नाई, अन् कोनी बलावतही नाई." परत घराशी आल्यावर भाऊ म्हणाले, "गुरुजी, इतक्या वर्सांत मले कोनी असं बोललं नाई."

मग त्यांनी जे केलं त्याला गावाने वेडेपणा म्हटलं. गोदामात बारा उखळं बसवली. हातसडीचा तांदूळ चांदा-नागपूरकडे पाठवायचा, आणि या बाया मजूर नाहीत तर बरोबरीच्या भागीदार, असं ठरवलं. डोमाजीला हे सहन होणं शक्य नव्हतं. त्याने स्पष्टच सांगून टाकलं, "मशीन पाह्यजे का बाया पाह्यजे, एक सांग." भाऊ म्हणाले, "मशीन तू घे." डोमाजीने इंजिन उचलून स्टेशनजवळ शेड घातली. जुन्या जागेत इंजिनच्या फटफटीऐवजी मुसळांचे ठोके घुमू लागले. मी तेव्हा मनापासून भारावलो होतो. शाळेत मुलांना त्यांचं उदाहरण द्यायचो...

ते दीड वर्ष चाललं. लोक यायचे, कौतुक करायचे आणि तांदूळ स्टेशनजवळून न्यायचे. तो पांढरा दिसायचा, लवकर शिजायचा. सर्वांत वाईट म्हणजे, ज्या बाया भाऊंकडे कांडायच्या, त्याही स्वतःच्या घरचं धान गुपचूप डोमाजीकडे भरडून घ्यायच्या. भाऊंना ते कळलं होतं. त्यांनी कुणालाही विचारलं नाही.

आणि आता माझं सांगतो. दिवाळीला माझा मेहुणा यायचा होता. बायको म्हणाली, हातसडीचा लाल तांदूळ पाहुण्यांपुढे कसा वाढायचा? मी धानाचं पोतं सायकलला बांधलं आणि मागच्या रस्त्याने स्टेशनजवळ गेलो. तांदूळ घेऊन परत येताना रेल्वेच्या फाटकापाशी दोरी सुटली, पोतं घसरलं. मी ते सावरत असताना समोरून मारोतभाऊ आले. त्यांनी पोत्याकडे पाहिलं. पोत्याच्या तोंडातून सांडलेले दाणे पांढरेशुभ्र, लपवायला जागा नव्हती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "थांबा गुरुजी, जड हाये. मी धरतो." त्यांनी पोतं उचलून नीट बसवलं, दोरीला दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या आणि निघून गेले. मागे वळूनही पाहिलं नाही. पुढच्या रविवारी भेटले तेव्हा नेहमीसारखेच बोलले. मी क्षमा मागितली असती तर मला हलकं वाटलं असतं. मी मागितली नाही. त्या बाया गरीब होत्या, त्यांना इलाज नव्हता. मला होता.

होळीपर्यंत उखळं बंद पडली. मग एका दुपारी भाऊ मला घेऊन स्टेशनजवळच्या शेडवर गेले. डोमाजी पुढे आला, पण मान वर करेना. मोठा भाऊ म्हणाला, "डोम्या, मी हरलो. तुह्या हाताखाली काम करतो. पन मी एकटा येत नाई. चाळनं, पाखडनं, वाळवनं... कांडनाऱ्यायतल्या सात जनीले तरी बारमाही काम देशील त येतो." बाकीच्या पाच जणींनी तोवर दुसरी कामं धरली होती. डोमाजीने मान वर केली. मग म्हणाला, "माह्या हाताखाली कायले? माह्या संगं ये नं, भाऊ."

तेव्हापासून मारोतभाऊ धान ओतायच्या तोंडाशी उभे राहत, सगळ्यांत जास्त धूळ उडते तिथे. ती जागा त्यांनी स्वतः मागून घेतली होती. दोन वर्षांत खोकला लागला. माझी बदली आलापल्लीला झाली. मागच्या उन्हाळ्यात शेवटचं भेटलो, तेव्हा चार पावलं चालून त्यांना थांबावं लागत होतं. मी म्हटलं, "नागपूरला चला, चांगल्या डॉक्टरला दाखवू." ते म्हणाले, "दाखवलं नं. तो म्हनते गिरनी सोडा. मी सोडली अन् ह्या बायायले उद्या कोनी काढलं तं?" मी म्हणालो, डोमाजी काढणार नाही. "नाई काढनार," ते म्हणाले, "तो बदलला. पन मले पाहून बदलला. मी दिसलो नाई त तो राहीन का तसा, हे मलेच नाई मालूम." मग दम लागला आणि बोलणं तुटलं. फाटकापाशीची गोष्ट त्या दिवशी माझ्या ओठांवर आली होती. त्यांचा श्वास पाहिला आणि वाटलं, पुढच्या वेळी सांगू...

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि मी मूलला पोहोचलो. घरी वहिनींना भेटलो. त्या म्हणाल्या, "डोमाजी भावजी सकाळीच गिरनीवर गेले. आज उघडली. लोकायचं धान अडकलं होतं." मी तिकडे गेलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. इंजिन थांबलं होतं आणि त्या शांततेत कान बधिर झाल्यासारखे वाटत होते. सातही जणी भिंतीच्या सावलीत भाकऱ्यांची फडकी सोडून बसल्या होत्या. पार्बताबाईने मला सांगितलं की भाऊ रोज याच ओळीत बसून जेवत, घरून आणलेली अंबाडीची भाजी सगळ्यांना वाढत. डोमाजी मात्र दुपारी घरी जेवायला जाई. मालक म्हणून नव्हे, त्याला तशी सवयच होती.

तेवढ्यात डोमाजी शेडमधून बाहेर आला. डोळे सुजलेले, डोकं भादरलेलं, हातात फडक्यात बांधलेला डबा. तो सावलीच्या कडेशी येऊन घुटमळला. बसावं की नाही हे त्याला ठरवता येईना. बायाही गोंधळल्या, एकीने पदर सावरला, दुसरी उठू लागली. पार्बताबाईने तिला हातानेच खाली बसवलं. मग तिने आपली भाकरी उचलून मांडीवर घेतली, थोडी बाजूला सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवरचा कोंडा तळहाताने झाडला.

"बसा, धाकले भाऊ," ती म्हणाली. "भूक लागली असन."

डोमाजी खाली बसला. डब्याची गाठ त्याला सुटेना. ती पार्बताबाईने सोडून दिली.